बेहड्यातली बाळंतीण

मी मूळचा हितलाच. पालीच्या वर डोंगराला जी वाडी दिसते ना रस्त्यावरनं, दिसत नाय खरं म्हणजे, मधी वळण येतं, तर ती जी दिसत नाय ती आमची वाडी. नाव माजं गणपत. बापूस बोलायचा, नाव गणपतीचं नि अक्कल त्याच्या उंदराची. शाळेत गेलो नाय असं नाय, गेलो, तीन दिवस गेलो. पयल्या दिवशी गुरुजी बोलले पाटी आण, दुसऱ्या दिवशी बोलले पेन्शील आण, तिसऱ्या दिवशी बोलले बापसाला आण. बापूस काय आला नाय, मग मी पण गेलो नाय. तुमी लिवताय ते बरं लिवा हां, मला वाचता येत नाय म्हणून काय पण लिवू नका, बायको वाचते माजी.

बापूस झाडतोड्या, म्हणून मी पण झाडतोड्या. कोणाचं मालकीचं रान असलं की ठेकेदार ते उभंच्या उभं घेतो, नि आमी जाऊन आडवं करायचं. बापसानं मला एकच इद्या शिकवलीन. झाडाला हात लावायच्या आदी कुऱ्हाडीच्या पाठीनं खोडावर ठोकायचं. भरीव झाड ठक्क बोलतं, पोकळ झाड ढब्ब बोलतं. ढब्ब बोललं की समजायचं आत ढोली हाय, ते आदी पाडायचं, त्याच्या फळ्या निघत नाय, ते जळणाला. मी लांबनं आवाज आयकून सांगायचो कोणचं झाड कितपत पोकळ ते. बायको बोलायची, अवो, एकदा सोताच्या डोक्यावर ठोकून बघा, तोच आवाज येतो का. मी ठोकलं पण एकदा, गंमत म्हणून. टेंगूळ आलं. आवाज तोच.

तर गरुडाचं सांगतो, त्यासाठीच आलात ना तुमी. आमच्या लहानपणी उंबर पिकला की गरुड असे बसायचे, जशी काय लग्नाची पंगत. मोठा पक्षी हो, काळापांढरा, चोच ही येवढी पिवळी, नि त्या चोचीवर आणखी एक चोच पालथी घातल्यासारखी. उडाला ना की पंखांचा आवाज, हुश्श हुश्श हुश्श, घाटात एस्टी चढते तसा. एकदा मी तो आवाज आयकून गाडी आली म्हणून पिशवी घेऊन रस्त्यावर पळालो. बघतो तर वरनं गरुड चाललाय. हात दाखवला मी त्याला. थांबला नाय.

मग ते कमी झाले. कसे झाले इचारू नका. इचारा, सांगतो. आमीच केले. त्याला घर लागतं ढोलीचं, जुन्या झाडात, मोठ्या ढोलीचं, नि आमची इद्या काय, तर ढब्ब बोललं की पयलं पाडा. बंदूक कोणी घेतली नाय, फासा लावला नाय, नुसती कुऱ्हाडीची पाठ.

आता एक सांगतो, ते मी कोणाला हसत सांगत नाय. लग्नाचं पयलं वरीस. एका सातवीणीवर चढलो फांद्या उतरवायला, तर वर ढोलीचं तोंड मातीनं लिंपून टाकलेलं, मधी बोटभर फट, नि फटीतनं चोच भायर. नि घो तिचा समोर फांदीवर बसलेला. मी काय समजलो, की ह्या मेल्यानं बायकोला कोंडून ठेवलीन. माजं नवीन लग्न, मला जाम राग आला. बोललो, थांब, तुला दाखवतो. कोयतीनं लिंपण फोडलं, तिला भायर काढली, सोडवली. ती उडेचना. अंगावर पंखांची पिसं नाय, शेपटी नाय, फाटक्या छत्रीसारखी. मला वाटलं ह्यानं मारून मारून पिसं काढलीन. टोपलीत घालून घरी आणली, आत अंडं व्हतं ते फुटलं, त्याच्याकडं कोण बघतो, मी आपला वीर. सुमनला, म्हणजे बायकोला, बोललो, बघ, तुजा घो कसा हाय, परक्याची बायको सोडवून आणलीन. सुमननं तिला पेज भरवलीन, केळं भरवलंन. तीन दिवस जगली. नि ती सातवीण आमी मग पाडली, तर तो घो तिच्या जागी येऊन बाजूच्या झाडावर बसायचा, चोचीत उंबराचं फळ घेऊन. बसायचा, नि फळ खाली टाकून जायचा. मी तिथं लाकडं फोडत व्हतो. दिवसभर माज्या अंगावर उंबरं पडत व्हती.

तवापासून बरीच वरसं गेली. तोडतच व्हतो मी, दुसरं येतं काय मला.

मग दोन वरसांमागं, शिमगा झाला नि आठ दिवसांनी, एक मॅडम आली. पाठीला पिशवी, गळ्यात दुर्बीण, नि डोक्यावर टोपी अशी की मी तिला पयल्यांदा सायेब बोललो. चायच्या टपरीवर मी बसलेला. ती इचारते, काका, इकडं धनेश दिसतो का? बोललो, दिसतो की, रोज दिसतो. ती खूश. बोलली, कुठं? मी बोललो, सकाळी स्टॅण्डवर असतो, दुपारी घरी जातो जेवायला. आमच्या वाडीत धनेश हाय हो, रिक्षा चालवतो. ती वही काढून लिवायला लागली. बोलली, त्याचं घरटं माहीत आहे तुम्हाला? आता धनेशचं घर काय मोठं नाय, पण घरटं बोलणं मला बरं वाटलं नाय. तरी बोललो, पाण्याच्या टाकीमागं. मग ती हळूच इचारते, मादी आत आहे का सध्या?

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. शहरातली माणसं अशी बोलत असतील. बोललो, आत हाय, दुपारची झोपते जरा. ती बोलली, नर तिला खायला आणून देतो का? मी बोललो, कसला देतो, तीच त्याला रांधून घालते, वर शिव्या खाते. नि किती पिल्लं? बोललो, दोन, मोठं नववीला हाय.

मग ती वही खाली ठेवून माज्याकडं बघायला लागली. तेवढ्यात धनेश रिक्षा घेऊन आला, मी हाक मारली, रे धन्या, ह्या मॅडम तुजं घरटं बघायला आल्यात. त्यानं दुर्बीण बघितलीन, वही बघितलीन, नि रिक्षा वळवून जो गेला तो संध्याकाळपर्यंत परत स्टॅण्डवर आला नाय. त्याला वाटलं आरटीओवाली हाय.

मॅडम इतकी हसली की टपरीवाल्यानं पाणी दिलंन. मग पुस्तकातला फोटो दाखवलान. बघतो तर काय, आमचा गरुड! बोललो, अवो, हा गरुड हाय, ह्याला धनेश कोण बोलतं? ती बोलली, पुस्तकात धनेश बोलतात. मग पुस्तक लिवणाऱ्याला सांगा बोललो, हितं आलास तर धनेश बोलू नको, रिक्षा पळून जाते.

मग ती सांगायला लागली, नि मी हसत आयकत व्हतो, नि मग हसू गेलं. ती बोलली, काका, मादी सोताच ढोलीत जाते. सोताच आतनं लिंपून घेते, साप, घोरपड येऊ नये म्हणून. आत गेली की जुनी पिसं टाकते, उडता येत नाय तिला, नि नर चार महिने फटीतनं भरवतो. लिंपण तिचं ती फोडते, येळ झाली की.

काय सांगू तुमाला. चाय तशीच ऱ्हायली. मी कोणाला सोडवलं नव्हतं, येवढं मला कळायला अर्धं आयुष्य गेलं. मी आपला वीर समजत व्हतो.

मॅडम बोलली, ढोलीची झाडं कुठं कुठं हायत माहीत असलेलं माणूस मिळेल का? आता ढोलीची झाडं माज्यापेक्षा कोणाला माहीत? म्हणजे खून कुठं कुठं झाला ते खुन्यालाच इचारा. बोललो, एक उरलंय, भोयांच्या रानात, पऱ्याच्या काठाला, बेहडा हाय मोठा, त्यात गरुडीण बसलेय, मी फट बघितलीय. ती नाचायची बाकी. नि मी एक गोष्ट तिला सांगितली नाय. ते रान मुंबईच्या मालकानं लांज्याच्या आप्पा ठेकेदाराला दिलं व्हतं, नि सोमवारी तो बेहडा मीच पाडणार व्हतो. ठोकून पण आलो व्हतो. ढब्ब बोलला व्हता.

घरी जाऊन सुमनला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत व्हती. आयकून घेतलंन, नि बोलली, म्हणजे बाळंतीण हाय ती. बोललो, व्हय. बोलली, नि बाळंतिणीच्या खोलीवर तुमी घाव घालणार? बोललो, मी नाय घातला तर दुसरा घालेल. बोलली, तर मग आप्पाकडं जा नि तोंड उघडा, येरवी चोवीस तास उघडंच असतं.

गेलो लांज्याला. वाटेत ठरवलं, आप्पाला खरं काय सांगायचं नाय, हसेल. बोललो, आप्पा, त्या बेहड्यावर आग्या माश्या हायत. आप्पा बोलला, धूर कर. बोललो, भुताखेताचा चाळा पण हाय तिथं, जागा बरी नाय. आप्पा बोलला, नारळ देऊ. बोललो, माजी कंबर धरलेय. आप्पा बोलला, गण्या, मशीन करवत हाय, कंबर कशाला लागते? तिन्ही खोटी संपली, चौथं सुचेना. तेवढ्यात आतनं काकी आली, आप्पाची बायको, हातात डिंकाच्या लाडवाचं ताट. लेक आलेली बाळंतपणाला, आठ दिवस झालेले. माज्या तोंडातनं निघून गेलं, आप्पा, त्या झाडात पण बाळंतीण हाय.

आप्पा बोलला, काय? मी सगळं सांगितलं, कोंडून घेते, पिसं टाकते, घो भरवतो. सातवीणीचं पण सांगितलं, ते सांगायचं नव्हतं. काकी ताट घेऊन तशीच उभी. आप्पा बोलला, अरे पाखराचं कसलं बाळंतपण? तर काकी बोलली, अवो, घरात सुवेर हाय, नि तुमी कोणाच्या बाळंतिणीचं घर पाडायला माणूस पाठवताय? लेक आत निजलेय तुमची. आप्पानं आतल्या दाराकडं बघितलंन. बोलला, बरं, ती भायर पडेपर्यंत थांबतो, पडली की कळव, पाऊस लागायच्या आदी मला रान मोकळं करायचंय. काकीनं मला लाडू दिलान. मी बोललो, काकी, मी बाळंत नाय झालो. बोलली, खा, तुज्या तोंडावरनं तसंच वाटतंय.

मग माजी डूटी सुरू झाली. बाकीचं रान आमी तोडलं, बेहड्याच्या आजूबाजूची चार झाडं तेवढी आप्पानं सोडलीन, नि मी रोज सकाळी त्या पऱ्यापाशी जाऊन बसायचो. मॅडम बोलली व्हती, नर कितीदा येतो ते लिवून ठेवा. मला लिवता येत नाय, तर मी काय केलं, खिशात काजूच्या बिया, तो आला की एक बी ह्या खिशातनं त्या खिशात. मॅडम आठ दिवसांनी आली, बोलली, दाखवा नोंद. मी डब्यात ठेवलेल्या सगळ्या बिया आणायला घरी गेलो. सुमननं भाजून खाल्ल्यान. आठ दिवसांची नोंद, मीठ लावून. मॅडम बोलली, चव कशी व्हती? सुमन बोलली, नर चांगला व्हता.

मग एक दिवस, आंबा उतरायला आलेला, बघतो तर ढोलीचं तोंड मोकळं, नि बेहड्याच्या शेंड्यावर दोघं बसलेली! नवी पिसं, शेपटी लांब, ती अशी पंख झाडत व्हती जशी काय पयल्यांदा माहेरी निघालेय. मी डोळे पुसले नि काय केलं माहिताय? मॅडमला फोन लावला नाय. आप्पाला लावला. वचन ते वचन, मोठा हरिश्चंद्र मी. बोललो, आप्पा, सुटली बाळंतीण, घर मोकळं झालं, या.

दुसऱ्या दिवशी आप्पा आला, दोन माणसं, मशीन. मी पुढं, लग्नात वऱ्हाड घेऊन चालल्यासारखा. पऱ्यापाशी आलो, वर बघितलं. ढोलीचं तोंड परत लिंपलेलं. नि गरुडीण समोरनं उडत आली, हुश्श हुश्श, चोचीत फळ, नि फटीत घालून गेली. म्हणजे आत कोण? अवो, पोर आत! आई भायर पडते, नि पोर आतनं सोताच दार लावून घेतं, नि मग आईबाप दोघं मिळून भरवतात. मॅडमनं मला सांगितलं व्हतं, नक्की सांगितलं व्हतं, मी तवा लाडवाचं बोलत व्हतो तिला.

माणसानं मशीन चालू केलीन. मी धावलो नि बेहड्याला मिठी मारली. बेहडा येवढा जाड, माजे हात पुरे अर्ध्याला पण गेले नाय, पालीसारखा चिकटलो नुसता. आप्पा ओरडला, गण्या, बाजूला हो मेल्या, तूच बोलावलंस ना! मी काय बोललो आयका, बोललो, आप्पा, बारसं व्हायचंय अजून! दुसरं सुचलंच नाय. तो मशीनवाला हसला, मशीन बंद झाली. आप्पा हसला नाय. बोलला, मला काय खुळा समजतोस काय रे, एकदा बाळंतीण, एकदा बारसं, उद्या मुंज काढशील. तुज्या नादानं दोन महिने गेले माजे.

मी रडलो. खोटं कशाला बोलू, रडलो. बोललो, आप्पा, एक अर्धा तास गप बसा माज्यासंगती, त्या करवंदीच्या मागं. पोर दिसलं नाय तर तुमी झाड पाडा, नि पाडताना मला खाली उभा करा. आप्पा बोलला, तुला पाडून फळ्या तरी निघतील काय? पण बसला. आमी चौघं करवंदीच्या मागं, गप. मी आयुष्यात अर्धा तास गप बसलो ती एकदाच येळ. मग बाप आला. लांबनं आवाज आला त्याचा, आप्पा बोलला एस्टी आली, मी त्याच्या तोंडावर हात ठेवला, ठेकेदाराच्या! गरुड येऊन खोडाला चिकटला, नि फटीतनं भायर आली चोच. लहान. कोवळी, मऊ दिसणारी, वरची पालथी चोच अजून फुटलेली नाय. बापानं एक उंबर दिलंन, दुसरं दिलंन, तिसरं दिलंन, घशातनं एकेक काढून, चार, पाच, सहा, नि ते पोर आणखी मागतंय.

तो गेला. आप्पानं बिडी काढलीन, पेटवलीन नाय. बोलला, गण्या, झाडाच्या आदी तुजी जीभ तोडायला पायजे व्हती. नि उठला, माणसांना बोलला, चला रे, पोकळ झाड हाय, नेऊन भाडं सुटायचं नाय. मालकाला पण त्यानं तेच सांगितलंन, बेहडा पोकळ, कामाचा नाय, ऱ्हावूं दे. सगळ्या आयुष्यात पोकळ म्हणून झाड वाचलेलं मी हेच एक बघितलं.

नि पोर भायर पडलं तो दिवस? तीन महिने रोज बसलेला माणूस मी, तुमाला वाटेल मी बघितलं. आदल्या दिवशी फणसाचे गरे खाल्ले व्हते, बक्कळ. सकाळपासून पोटात गडबड. सुमन भाकरी घेऊन आलेली, तिला बोललो, जरा बस हितं, आलोच. नि मी करवंदीच्या पल्याड बसलेला, उठायची सोय नाय, नि तेवढ्यात सुमनची हाक, अवो, लिंपण फुटलं! अवो, भायर आलं! पडतंय, पडतंय, नाय, उडालं! नि मी आपला बसल्या जागी. डोक्यावरनं आवाज गेला. दोन मोठे हुश्श हुश्श, नि मधी एक बारका, फडफड फडफड, ताल नसलेला. तिघं गेली माज्या डोक्यावरनं, नि मला दिसली फक्त करवंदं. सुमननं बघितलंन सगळं. अजून सांगते कोणी आलं की, नि मी पण मान हलवतो बघितल्यासारखी. तुमाला खरं सांगितलं. मला ते दिसायला नको असंल देवाच्या मनात, आयकायला दिलंन. तेवढं पुष्कळ झालं मला.

आता झाडं तोडत नाय मी. मॅडमची माणसं येतात, त्यांना रान दाखवतो, धनेश रिक्षानं सोडतो त्यांना, रिक्षावर गरुडाचं चित्र काढलंन त्यानं, खाली लिवलंय धनेश, आता कोण कोणाचं नाव सांगतंय कळत नाय. गरुडीण ह्या वर्षी परत बसलेय त्याच ढोलीत. सकाळी जाऊन बघून आलो, फट बरोबर बोटभर.

बेहडा काय कायमचा नाय. म्हातारा झालाय, एका बाजूनं साल सुटलेय. मॅडम बोलते, लाकडाची पेटी करून दुसऱ्या झाडाला टांगू, येतील राहायला, बघू, न येतील पण. एखाद्या वादळात बेहडा जाईल, मी असेन नसेन. पण जाईल तो वाऱ्यानं जाईल, म्हातारपणानं जाईल, माज्या हातानं नाय. माणसाला ह्याच्यापरीस आणखी काय पायजे हो? देव तुमचं बरं करो, तुमच्या पोराबाळांचं बरं करो. नि आता उतरताना पाखाडीची मधली पायरी जपून, ती मी बसवलेली हाय.